पोटाखालून हात गेला पाहिजे : हत्तिणीच्या केकच्या नोंदी

१ नोव्हेंबर, रविवार

लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला बरोबर तीन आठवडे राहिलेत. केक हत्तिणीचाच हवा, हे तिचं कधीच ठरलंय. आज कागद घेऊन बसले आणि तिला बसलेली हत्तीण काढून दाखवली. पाय पुढे पसरलेले, सगळं अंग पाटावर टेकलेलं. अशा बैठ्या आकाराचं अस्वल मी दोन वर्षांपूर्वी केलं होतं, त्यामुळे ते जमेल याची खात्री होती. तिने चित्र नीट बघितलं, आत जाऊन आपलं रबराचं हत्तीचं पिल्लू घेऊन आली आणि ते चित्रावर ठेवून म्हणाली, "आई, मग हे कुठे उभं राहणार?"

म्हणजे हत्तीण उभी हवी, चार पायांवर, आणि पिल्लू तिच्या पोटाखाली. "माझा हात गेला पाहिजे खालून," असंही वर सांगून झालं.

पिल्लू मोजलं. कानांपर्यंत उंची ९ सेंमी, लांबी १२ सेंमी. आजपासून सगळं माप याच्यावरून ठरणार.

३ नोव्हेंबर, मंगळवार

केक दाब सोसतो, पण ताण सोसत नाही. दोन हातांत धरून किंचित वाकवला की तुटतो. शिवाय स्वतःच्याच वजनाने तो हळूहळू खाली बसतो, कडेने फुगतो. म्हणून चार-पाच किलोचं धड केकच्याच पायांवर उभं करणं शक्य नाही. वजन पेलायला आत सांगाडा लागणार. पाय फक्त पायांसारखे दिसायचे.

एका बाबतीत मात्र हत्तीण सोयीची आहे. घोडा किंवा हरीण असतं तर पायांचे सांधे वळलेले दाखवावे लागले असते. हत्तीचे पाय धडाखाली खांबासारखे सरळ असतात, कारण तेवढं वजन वाकलेल्या पायांवर पेलणं जड जातं. तेव्हा चार उभ्या सळया ठोकल्या तरी आकार खोटा वाटणार नाही.

चित्र प्रत्यक्ष मापाचं काढलं, एक बाजूने आणि एक समोरून. लहान चित्र काढून नंतर मोठं करण्यात चुका होतात. पूर्ण मापाचं असलं की तोच कागद कापून पुढे साचा म्हणून वापरता येतो. पहिलं चित्र काढून झाल्यावर पिल्लाशी ताडून बघितलं तर काहीतरी खटकत होतं. पिल्लाच्या कपाळावर दोन उंचवटे आहेत, कान लहान आहेत, पाठ कमानीसारखी वर आलेली. म्हणजे ते आशियाई हत्तीचं. मी आई काढली होती आफ्रिकी हत्तीची: पाठ मध्ये खोलगट, खांदा सगळ्यात उंच, कान सुपाएवढे. पुसून पुन्हा काढली. आशियाई हत्तीत डोकं सगळ्यात वर असतं. नखंही वेगळी, साधारणपणे पुढच्या पायाला पाच आणि मागच्याला चार.

आणखी एक गोष्ट जागेसाठी महत्त्वाची. हत्तिणीचे सड गाईसारखे मागे नसतात, पुढच्या दोन पायांच्या मध्ये असतात. पिल्लू दूध पितं ते तिथे, आणि तोंडाने पितं, सोंडेने नाही. तेव्हा पिल्लाला जागा हवी ती पोटाच्या मध्यापासून पुढच्या पायांपर्यंत. मागे थोडं कमी असलं तरी चालेल.

मापं: धड २४ सेंमी लांब, १४ रुंद, १५ उंच. पाय ११ सेंमी. खालचा पाट ४५ × ३५.

वजनाचा अंदाज: कोरल्यावर केक अडीच किलो, गनाश (चॉकलेट आणि क्रीमचा लेप) सव्वा किलो, फाँडंट (वरून चढवायची साखरेची पोळी) एक किलोच्या आत, डोकं अर्धा ते पाऊण किलो. पाच ते साडेपाच धरायचे.

७ नोव्हेंबर, शनिवार

दादा ड्रिल घेऊन आला. सकाळचे तीन तास सुतारकामात गेले, पण या केकमध्ये हेच काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

खाली १८ मिलीमीटर प्लायवूडचा पाट. वर धडाची फळी ९ मिलीमीटर प्लायवूडची, कोपरे गोल करून कापलेली, केकच्या कडेपेक्षा सगळीकडून दीड सेंमी आत. दोन्हींना जोडणाऱ्या ८ मिलीमीटर जाडीच्या चार सळया, पूर्ण लांबीला आटे असलेल्या. पुढच्या दोघींत ९ सेंमी अंतर, मागच्या दोघींतही तेवढंच, पुढच्या आणि मागच्या जोडीत १५.

मी दादाला म्हटलं होतं की साधे लाकडी दांडे चिकटवून टाकू, काम लवकर होईल. तो म्हणाला, "अगं, चिकटवलं की संपलं. उंची नंतर बदलायची झाली तर काय करशील?" आट्यांच्या सळईवर फळी नटांच्या आधाराने बसते, नट फिरवला की फळी वर-खाली. हे मी मान्य केलं.

पहिल्यांदा फळीच्या खालीच नट लावले आणि वरून फळी नुसती ठेवली. पाट हलवला की फळी डुलायची. मग फळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे रुंद वॉशर घालून नट आवळले, खालच्या पाटालाही तसंच. आता चार सळया आणि दोन फळ्या मिळून एक चौकट झाली, धरून हलवली तरी एकसंध हलते. पाटाखालचे नट टेबलावर टेकून पाट डुगडुगू नये म्हणून चार कोपऱ्यांना लाकडाचे जाड तुकडे पाय म्हणून लावले. त्यामुळे पाट उचलताना बोटंही नीट खाली जातात.

फळीच्या मधोमध १२ मिलीमीटरचा लाकडी दांडा उभा केला, खालून स्क्रूने धरलेला, वरचं टोक तासून निमुळतं. केकचे थर त्यात ओवायचे म्हणजे आडवे सरकणार नाहीत. फळीच्या पुढच्या टोकाला ॲल्युमिनियमची जाड पट्टी, १० सेंमी पुढे जाऊन वर वळलेली. तिच्यावर डोकं बसेल.

सळया आणि पट्टी खाण्याच्या धातूच्या नाहीत, त्या केकला कुठेही लागता कामा नयेत. सळयांवर जाड स्ट्रॉ चढवल्या, पट्टीला क्लिंग फिल्म गुंडाळली, फळीला फॉइल आणि त्यावर खाद्यपदार्थांसाठीचा केक-पुठ्ठा, नटांच्या जागी भोकं पाडून. भोकांतून दिसणारे नट केक चढवायच्या आधी फिल्म आणि वितळलेल्या चॉकलेटने झाकायचे.

८ नोव्हेंबर, रविवार

चाचणीचा केक. हलका स्पंज इथे चालणार नाही, सुरी लागली की तो चुरगळतो आणि वरच्या थराच्या वजनाने दबतो. घट्ट पोताचा बटर केक हवा.

एका थराचं प्रमाण (२५ × १५ सेंमी टिन): बटर २२५ ग्रॅम, साखर २२५, अंडी कवचाशिवाय २२५, मैदा २७०, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, दूध २ मोठे चमचे, व्हॅनिला, चिमूटभर मीठ.

पहिला १८० अंशांवर भाजला. मध्ये डोंगर झाला, त्याला चीर पडली, कडा करकरीत. कारण सरळ आहे: टिनच्या कडेचं मिश्रण आधी तापून घट्ट होतं आणि मधलं अजून पातळ असतं, ते फुगत राहतं. दुसरा १६० अंशांवर, टिनभोवती ओल्या कापडाची पट्टी गुंडाळून. ६५ मिनिटं लागली, पण वरून जवळजवळ सपाट आला आणि कडेपासून मध्यापर्यंत पोत एकसारखा. फक्त २ मिलीमीटरची साल कापावी लागली. पट्टी आता कायम.

अंडी थंड होती म्हणून मिश्रण फाटल्यासारखं दिसायला लागलं होतं. एक चमचा मैदा घालून फेटल्यावर सावरलं. पुढच्या वेळी अंडी आणि बटर दोन तास आधी बाहेर काढायचे.

चाचणीचा थर फ्रिजमध्ये थंड करून त्यातून एक मागचा पाय कोरून बघितला. गार असताना सुरीची धार दिसते. खोलीच्या तापमानाला आल्यावर तोच केक कडेने सुटतो. कोरणं गारच करायचं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

कान. फाँडंटमध्ये टायलोज पावडर मळली (२५० ग्रॅमला १ छोटा चमचा), म्हणजे वाळून कडक होतात. चुरगळलेल्या फॉइलच्या वळणावर वाळत घातले. दोन लागतात, चार केले.

मॉडेलिंग चॉकलेटही आज केलं: ३०० ग्रॅम पांढरं चॉकलेट वितळवून जरा निवल्यावर त्यात ७० ग्रॅम कोमट ग्लुकोज सिरप. हलक्या हाताने, एकत्र येईपर्यंतच ढवळायचं. जास्त घोटलं की तूप सुटतं. रात्रभर झाकून ठेवलं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

वजनाची चाचणी. फळीवर परात, परातीत पाण्याच्या एक लिटरच्या आठ बाटल्या, म्हणजे आठ किलो. रात्रभर तशीच ठेवणार.

१५ नोव्हेंबर, रविवार

सकाळी फळीच्या चारही कोपऱ्यांची उंची मोजली. काल होती तेवढीच. सांगाडा पास.

पण पिल्लू नापास झालं. लेकीने ते फळीखाली उभं केलं, छान मावलं, ती टाळ्या वाजवायला लागली. मी चित्र घेऊन बसले आणि लक्षात आलं की चूक माझ्या मापात आहे. ११ सेंमी मी फळीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत धरले होते. त्यातून फळीची जाडी ९ मिलीमीटर गेली, उरले १०.१. आणि हत्तिणीचं पोट काही फळीसारखं सपाट नसतं. खालून गोलाई द्यायला मॉडेलिंग चॉकलेटचा थर लागणार, मध्यावर दीड सेंमी. उरले ८.६. पिल्लू ९ सेंमी.

केक चढवल्यावर हे कळलं असतं तर काहीच करता आलं नसतं. आज मात्र पान्याने सोळा नट सैल केले, फळी दोन सेंमी वर घेतली, लेव्हल लावून पुन्हा आवळले. वीस मिनिटांचं काम. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बघ!"

आता मध्यावर १०.६ मिळतील. पिल्लाच्या डोक्यावर दीड सेंमी मोकळी जागा, आणि लेकीचा हातही जाईल.

पाय लांबले म्हणून धडाशी प्रमाण बिघडेल अशी भीती होती. चित्रात दोन सेंमी वाढवून बघितले. धड जड आणि गोल ठेवलं तर खपून जातं. उलट उभी असल्याचा भाव जास्त येतो. आठ किलोची चाचणी नव्या उंचीवर पुन्हा लावली, टिकली.

लेकीशी सोंडेबद्दल बोलणं झालं. तिला सोंड वर उचललेली हवी होती, मला पाटाला टेकलेली, म्हणजे पट्टीवरच्या डोक्याला खालून आणखी एक आधार. मी तिला म्हटलं, सोंड खाली वळवून पिल्लाच्या पाठीवर ठेवली तर? हत्तिणी पिल्लाला तशा सोंडेने जवळ घेतात. तिने पिल्लाला विचारलं आणि होकार दिला. सोंडेचं टोक पाटाला टेकून मागे वळेल, पिल्लाला लागेल.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

दोन थर भाजले. पाकही केला, साखर आणि पाणी समान वजनाने, एक उकळी.

१८ नोव्हेंबर, बुधवार

उरलेले दोन थर. गनाश: ९०० ग्रॅम गडद चॉकलेट, ४५० ग्रॅम क्रीम. दोनास एक हे प्रमाण खोलीच्या तापमानाला घट्ट बसतं, म्हणून कोरीव केकला हेच. क्रीम उकळी फुटेपर्यंत तापवून बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतलं, दोन मिनिटं झाकून ठेवलं, मग मधून बाहेर ढवळत नेलं.

संध्याकाळी रचणी. प्रत्येक थराला पाकाचा हात, थरांमध्ये गनाश. धडाची उंची १५ सेंमी, तेवढा केक एकावर एक नुसता ठेवला तर खालचा थर दबतो. साधारण १० सेंमीच्या वर गेलं की मध्ये आधार द्यावाच. दुसऱ्या थरावर पुठ्ठा ठेवला आणि त्याखालच्या दोन थरांत, थराच्या उंचीला बरोबर कापलेल्या चार जाड स्ट्रॉ उभ्या खोचल्या. पुठ्ठा मुद्दाम लहान, १५ × ७. कोरताना सुरी त्याच्यापर्यंत पोचता कामा नये.

वरून बेकिंग पेपर, त्यावर टिन, टिनमध्ये पाण्याची बाटली. रात्रभर दबू दे. थरांत अडकलेली हवा आत्ताच निघाली तर बरी. फाँडंट लावल्यावर ती बाहेर यायला बघते आणि कुशीवर फोड येतो.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

कोरणं. सुट्टी घेतली होती.

सांगाड्यासकट केक फ्रिजमध्ये जात नाही, म्हणून रात्रीपासून खोली एसीने गार ठेवली होती, आणि गनाश घट्ट बसल्यामुळे ठोकळा पक्का होता. कागदी साचे दोन्ही कुशींवर टूथपिकने टाचले (सहा लावल्या, सहा काढल्या, भिंतीवरच्या यादीत खूण केली). लांब दातेरी सुरीने आधी चार उभे कोपरे उतरवले. मग पाठीची कमान. त्यानंतर सुरी बदलली, लहान पात्याची घेतली, आणि एका वेळी बोटाच्या जाडीपेक्षा जास्त कापायचं नाही असं ठरवून घेतलं.

कोरताना दर पाच-सहा कापांनंतर पाट फिरवून समोरून बघायचं. बाजूने हत्तीण दिसत असते आणि समोरून अजून ट्रंकच असते. आशियाई हत्तिणीचं पोट पाठीपेक्षा रुंद असतं, नासपतीसारखं, खाली भारलेलं. मी पाठ हवी तेवढी अरुंद केली आणि तो क्षण आला, ज्यासाठी मी एवढे दिवस थांबले होते: दारातून आत येताना टेबलावर प्राणी उभा आहे असं वाटलं. डोकं नव्हतं, सोंड नव्हती, तरी.

डाव्या कुशीत एक चूक झाली. सुरी खालच्या थरातल्या एका स्ट्रॉला लागली आणि मुठीएवढा तुकडा निसटून पडला. स्ट्रॉ मी ठोकळ्याच्या मापाने लावली होती, कोरलेल्या आकाराच्या मापाने लावायला हवी होती. कोरून निघालेला चुरा आणि गनाश, तीनास एक, हाताने मळून गोळा केला. तो मातीसारखा बसतो, गनाशने चिकटतो आणि घट्ट झाल्यावर मूळ केकहून पक्का. त्याच गोळ्याने खांदे आणि मागची मांडी उठवली. चुरा फेकायचा नाही हे धोरण कामी आलं.

पाय: ३०० ग्रॅम मार्शमेलो ५० ग्रॅम बटरमध्ये वितळवून त्यात १८० ग्रॅम राईस सिरियल. हाताला बटर लावून कोमट असतानाच स्ट्रॉंभोवती दाबत नेलं. दाबताना हयगय केली की नंतर पाय भुसभुशीत होतो. डोकंही त्याचंच. केकचं केलं असतं तर दुप्पट वजन झालं असतं, आणि ते सगळं पट्टीवर लोंबकळलं असतं. सोंडेत जाड तार, तिला क्लिंग फिल्म, वर मॉडेलिंग चॉकलेट. पोटाची गोलाई खालून लावली, आरसा ठेवून.

रात्री सगळ्या अंगाला गनाश. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या पात्याने गुळगुळीत केलं.

पिल्लू उभं करून बघितलं. मावतं.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

रंग. पांढऱ्या फाँडंटमध्ये काळा जेल रंग घातला की करडा येईल असं वाटतं, पण माझ्या काळ्यात जांभळी झाक निघाली. जांभळ्याला पिवळा मारतो. पिवळ्याचं बोट आणि तपकिरीचा एक थेंब मळल्यावर मातीत लोळलेला करडा आला. रंग मुरत जातो तसा गडद होतो, म्हणून हे काम परवा रात्रीच उरकलं होतं, मुद्दाम एक छटा फिकी ठेवून. आज बरोबर आहे.

धडाला एकच पोळी, ४ मिलीमीटर जाड. गनाशवर पाण्याचा पुसट हात, पाठीवरून खाली, हवा बाहेर काढत. पोटाखाली कड मुडपली. वाळत आलेल्या फाँडंटला बारीक भेगा पडल्या की केक करणारे त्याला हत्तीची कातडीच म्हणतात आणि त्यावर हळहळतात. इथे मला त्या हव्याच होत्या. चुरगळून उलगडलेलं फॉइल सगळ्या अंगावर दाबत गेले, मग सुरीच्या पाठीने गुडघ्यांवर आणि सोंडेवर आडव्या सुरकुत्या. सोंडेवर वरून खाली दाट होत जाणाऱ्या.

पायांचं फाँडंट संध्याकाळपर्यंत घसरायला लागलं. उभा पृष्ठभाग, पोळी जाड, आणि मी पाणी जास्त लावलेलं. उजवा मागचा पाय पूर्ण सोलून २ मिलीमीटरच्या पोळीने पुन्हा केला. बाकीच्या तिघांच्या घोट्याशी वळ्या जमल्या होत्या. हत्तीच्या पायालाही तिथे वळ्या असतातच, त्या दाबून पक्क्या केल्या आणि ठेवल्या.

हे सगळं झाल्यावर केक फ्रिजमध्ये ठेवायचा नसतो. बाहेर काढल्यावर गार साखरेवर दव धरतं, फाँडंट चिकट होऊन रंग ओघळतो. खोली २० अंशांवर, पडदे बंद.

२१ नोव्हेंबर, शनिवार

कान लावले. त्यातला एक खोचताना तुटला, शिल्लक होते त्यातला घेतला. मानेत खाच करून पातळ केलेल्या फाँडंटने चिकटवले आणि स्पंजच्या तुकड्यांवर टेकवून चार तास ठेवले. नखं, शेपटी, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका.

डोळ्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी पहिला डोळा लावला तो फार वर आणि फार मोठा, आणि ती कुठल्याशा खेळण्यासारखी दिसायला लागली. फोटो पुन्हा काढून बघितले. हत्तीचा डोळा अंगाच्या मानाने फार लहान, डोक्याच्या कडेला, सोंड सुरू होते त्याच्या जरासा मागे, आणि त्याच्याभोवती सुरकुत्यांची चक्रं. वाटाण्याहून लहान तपकिरी गोळी, वर काळा ठिपका. मग करड्या फाँडंटची दोन बारीक वळकटी, एक वरच्या पापणीला, एक खालच्या. वरची पापणी किंचित खाली ओढली की नजर खाली वळते. तेवढ्याने ती पिल्लाकडे बघायला लागली. काळ्या ठिपक्यावर टूथपिकने पांढऱ्याचा टिंब दिला आणि मी दिवा बंद करून, पुन्हा लावून, दारातून बघितलं. बघतेय.

लेकीने बघून एकच तक्रार केली: "पापण्यांना केस?" काळ्या मॉडेलिंग चॉकलेटचे धाग्यासारखे बारीक तुकडे करून लावले, प्रत्येक डोळ्याला सात. हत्तींच्या पापण्यांचे केस लांब असतात, तिचं म्हणणं बरोबर होतं.

रात्री उजव्या कुशीवर रुपयाएवढा फुगवटा दिसला. हवाच. सुरकुतीत लपेल अशा जागी सुई टोचून, बोटाने कडेकडून भोकाकडे दाबत आणून हवा काढली. वर फॉइल दाबलं.

२२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उंची मोजली. धड ३ मिलीमीटर बसलंय, पोटाखालची जागा आहे तेवढीच, कारण फळी हललेली नाही.

फ्रिजच्या दारावर यादी लावली, कापणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी: सळया ४, नट १६, मधला दांडा १, डोक्याची पट्टी १, सोंडेतली तार १, स्ट्रॉ धडात ४ पायांत ४, पुठ्ठे २. पाय, डोकं, सोंड आणि कान कोणालाही खायला द्यायचे नाहीत. लहान मुलं येणार, केकच्या तुकड्यात स्ट्रॉ जाणं मला परवडणारं नाही.

संध्याकाळी पाट मी आणि दादाने मिळून बाहेर आणला, दोघांनी चार कोपरे धरून. लेक पिल्लू घेऊन उभीच होती. पाट टेबलावर टेकला तशी ती गुडघ्यांवर बसली, नाक पाटाला लावून खालून बघितलं, आणि पिल्लाला मागून नाही, पुढून, दोन पायांच्या मधून आत सरकवलं. हात कोपरापर्यंत आत गेला. पिल्लाचं तोंड वर करून ठेवलं. मग सोंडेच्या टोकाला ते थोडं मागे सरकवून नीट टेकवलं. हे सगळं होईपर्यंत कोणी मेणबत्ती लावली नाही.

कापताना आधी डोकं पट्टीवरून उचलून बाजूला ठेवलं. सुरी मागून पुढे, वरच्या दोन थरांचे काप पुठ्ठ्यापर्यंत. मग पुठ्ठा आणि चार स्ट्रॉ काढून यादीवर खूण, आणि खालचे दोन थर. केक ओला राहिला होता, पाकाचं प्रमाण योग्य. गनाश जरा कडू कमी असतं तर मुलांनाही चाललं असतं, मोठ्यांना आवडलंच. चुऱ्याने भरलेली कुस चवीला सगळ्यात छान लागली असं दादाचं मत.

यादी पूर्ण जुळली.

रात्री अकरा वाजता सांगाडा सोडवायला घेतला. धड संपलं होतं, चार पाय आणि वर फॉइलची फळी एवढंच उरलं होतं. पान्याने पहिला नट धरला आणि खाली बघितलं तर पिल्लू अजून तिथेच, तोंड वर करून. लेक झोपली होती. नट परत आवळला, पान्याचं काम उद्या.